सव्वीस टक्क्यांचा मित्र

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवणं हे आता फार अवघड काम राहिलेलं नाही. डिजिटल सही काढायची, 'स्पाइस प्लस' नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, कागद जोडायचे. सगळं जागेवर असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन आणि टॅन असं सगळं एकदम ईमेलवर येतं. यावर व्हिडिओ ढीगभर आहेत. पण एका वर्गात शिकलेल्या मित्रांनी कंपनी काढायच्या आधी आपापसात काय बोलून घ्यायचं, आणि ते कागदावर कसं उतरवायचं, यावर मराठीत मला फारसं काही सापडलं नव्हतं. आमच्या बाबतीत काय घडलं ते लिहिते.

आम्ही तिघं. मी, अण्णा आणि बार्शीकर. पुण्यात एमबीएला एकत्र होतो. अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातला, पद्मशाली, घरात तेलुगू. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात त्याचा अण्णा झाला आणि तेच राहिलं. त्याच्या वडिलांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बार्शीकर बार्शीचा, हे वेगळं सांगायला नको. बोलायला असा की वर्गात कुठलंही प्रेझेंटेशन असो, त्यालाच पुढं ढकलायचो. मी विजापूर रोडची. वडील नोकरीवाले, आई शिक्षिका, धंद्याशी घरात कुणाचा काडीचा संबंध नाही.

कल्पना साधी होती. सोलापूरचा टॉवेल व्यापाऱ्यामार्फत मुंबईला जातो, तिथून दुसऱ्याच्या लेबलखाली कोकणातल्या होमस्टेत किंवा महाबळेश्वरच्या लॉजवर पोचतो. मधल्या प्रवासात भाव वाढतो आणि वजन घटतं. टॉवेलचा सगळा खेळ जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल ४५० जीएसएमचा असेल तर त्याचं वजन साधारण ५०६ ग्रॅम भरायला हवं. मधल्यामध्ये कुणी तीस ग्रॅम खाल्ले तर हाताला कळत नाही, काट्याला कळतं. आम्ही म्हटलं, आपण लहान हॉटेलं, होमस्टे आणि सलून यांना थेट पुरवू, आणि सांगू की माल आला की पहिला टॉवेल काट्यावर ठेवा.

सीए मॅडमचं ऑफिस सात रस्त्याजवळ. त्यांनी पहिल्याच भेटीत एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, सुचवली. उलाढाल ४० लाखांच्या आत आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर एलएलपीला ऑडिटची सक्ती नाही; कंपनीला मात्र एक रुपयाची विक्री नसली तरी ऑडिट आहेच. शिवाय वार्षिक फॉर्म वेळेत गेले नाहीत तर एकेका फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. माझं मत विचाराल तर बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा नसेल आणि भागीदार सगळे राबणारे असतील, तर एलएलपी पुष्कळ झाली. आम्ही कंपनीच केली ती दोन कारणांनी: शेअर मोजून, टप्प्याटप्प्यानं देता येतात, आणि बार्शीकरच्या डोक्यातून गुंतवणूकदार काही केल्या जात नव्हते.

नावावरून थोडी गंमत झाली. तिघांनाही नावात 'सोलापुरी' हवं होतं. मॅडमनी हात वर केले. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे; ते नाव मालावर मानांकन म्हणून वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते, आणि गावाचं नाव ट्रेडमार्क म्हणून आपल्या एकट्याच्या मालकीचं करून घेणं तसंही कठीण. शेवटी एक छोटं, अर्थ नसलेलं नाव घेतलं. ते इथं देत नाही, जाहिरात वाटेल. ट्रेडमार्कचा अर्ज वर्ग २४ मध्ये केला. कापड आणि टॉवेल त्यात येतात. छोट्या उद्योगाला त्याची फी ४,५०० रुपये पडते, मोठ्याला ९,०००.

पत्त्यासाठी दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल आणि जागामालकाचं ना-हरकत पत्र लागतं. आमच्या घराचं बिल आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण महावितरणला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. अण्णाच्या कारखान्याचा पत्ता द्यायला त्याचे वडील तयार होते. मीच नको म्हटलं, कारण पुढं येईल. बार्शीकरच्या मावशीचा जुळे सोलापुरात एक फ्लॅट रिकामा होता. बिल त्यांच्याच नावावर आणि त्या हयात. तिथं पाटी लागली.

आता मूळ मुद्द्यावर येते.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महर्षींचा रथ निघतो, त्या दिवशी पूर्व भागातले माग बंद असतात. कारखान्यात शांतता मिळेल म्हणून संध्याकाळी आम्ही अण्णाच्या वडिलांच्या केबिनमध्ये बसलो. मी घरून प्रश्नांची यादी करून नेली होती. कोण किती वेळ देणार, कोण किती पैसे घालणार, कुणाला किती शेअर, कुणी सोडून गेलं तर काय, कुणी मेलं तर काय. शेवटचा प्रश्न वाचला आणि अण्णा हसायला लागला.

"कशाला लिहून घ्यायचं बे हे सगळं? आपण काय परके आहोत का?"

बार्शीकरही त्याच्याच बाजूचा. मैत्रीत कागद आला की मैत्री गेली, असं त्याचं म्हणणं. एमबीएच्या वर्गात याच माणसानं भागीदारांच्या भांडणावरच्या केसला सगळ्यात जास्त मार्क घेतले होते, ते मी त्याला आठवून दिलं. उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो काकांचा, म्हणजे अण्णाच्या वडिलांचा. ते रथाच्या दर्शनाहून परत येऊन बाहेर खुर्ची टाकून बसले होते, सगळं ऐकत. आत आले आणि म्हणाले, "लिहा. माझं आणि माझ्या भावाचं काही लिहिलेलं नव्हतं."

ते दोघं भाऊ एकत्र माग चालवायचे. पाटी एक, खातं एक, करारनामा नाही. भाऊ अचानक गेला. १९३२ च्या भागीदारी कायद्यानं, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर फर्म संपते. काकांना हे बँकेत गेल्यावर कळलं. खातं थांबलं, सूतवाल्याचे पैसे अडकले, आणि माग कुणाचे किती यावर भावजयीशी बोलणं बंद झालं. "तिचं काही चुकत नव्हतं," काका म्हणाले. "तिला कुणी काही दाखवलंच नव्हतं, ती तरी काय मानणार?" मग चहा सांगायला निघून गेले. अण्णानं ही गोष्ट पूर्वी ऐकली असणार, पण अशी नाही. त्यानंतर तो लिहून घ्यायच्या विरोधात एक शब्द बोलला नाही.

शेअरची वाटणी सोपी जाईल असं वाटलं होतं. तिघांना सारखं, हा विचार पहिल्या दहा मिनिटांत मागं पडला, कारण तिघांचं देणं सारखं नव्हतं. मी पूर्णवेळ, वर्षभर बिनपगारी. अण्णा अर्धा वेळ वडिलांकडं, पण माग, कामगार, सूत यातलं सगळं ज्ञान त्याचं. बार्शीकर पूर्णवेळ, पण त्याला पहिल्या महिन्यापासून पगार हवा होता. त्याच्यावर शैक्षणिक कर्ज होतं. त्याचे हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभरानं सुरू होतात आणि ती तारीख जवळ आली होती. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यानं बिलाचा कागदच टेबलावर ठेवला. भांडवल नाममात्र ठेवलं, १ लाख, दहा रुपयांचे १०,००० शेअर. वरचे पैसे मी संचालक म्हणून कंपनीला कर्जाऊ दिले. ते स्वतःचे आहेत, कुणाकडून उसने आणलेले नाहीत, असं त्यासाठी लिहून द्यावं लागतं. त्यामुळे शेअरचा हिशेब पैशावर न राहता वेळेवर आणि जोखमीवर आला.

मी मांडलं: मला ४०, अण्णाला ३५, बार्शीकरला २५.

बार्शीकर म्हणाला, "पंचवीस नको. सव्वीस."

"एका टक्क्यानं काय बे तुझं पोट भरणार?" अण्णा.

बार्शीकरनं कागद ओढून घेतला आणि आकडे लिहून दाखवले. कंपनी कायद्याच्या कलम ११४ प्रमाणे विशेष ठराव पास व्हायला बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट लागतात. ७५ विरुद्ध २५ असेल तर बरोबर तिप्पट होतात, ठराव पास. ७४ विरुद्ध २६ असेल तर अडतो. कंपनीची नियमावली बदलायची, नाव बदलायचं, तर विशेष ठराव लागतो. म्हणजे २५ टक्केवाल्याला डावलता येतं आणि २६ टक्केवाल्याला विचारावं लागतं. मला राग यायला हवा होता; आला नाही. ज्या माणसाला हे सुचतं त्यालाच हॉटेलवाल्यांशी भाव ठरवायला पाठवावं, असं वाटलं. अण्णानं त्याचा एक टक्का सोडला. ४०, ३४, २६.

पण हे शेअर पहिल्या दिवसापासून आपले झाले असं धरायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. चार वर्षांत मिळून पूर्ण हक्क. पहिल्या वर्षाच्या आत कुणी गेलं तर काहीच नाही, त्यानंतर महिन्यागणिक अठ्ठेचाळिसावा हिस्सा पक्का. जाणाऱ्यानं न पिकलेले, म्हणजे अजून पक्के न झालेले, शेअर उरलेल्यांना दहा रुपये दर्शनी किमतीला द्यायचे, त्यांच्या वाटणीच्या प्रमाणात. मॅडमनी इथं एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. नुसता आपापसातला करार पुरत नाही. व्ही. बी. रंगराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये म्हटलंय की शेअर हस्तांतरणावरचं बंधन नियमावलीत नसेल तर कंपनीवर ते लागू होत नाही. म्हणून ही कलमं आम्ही नियमावलीतही घातली. नियमावलीचा तयार नमुना जसाच्या तसा उचलणाऱ्यांनी एवढं तरी बघावं. त्याच तयार नमुन्यात, 'टेबल एफ'मध्ये, मतं समसमान पडली तर अध्यक्षाला जादा मत असतं. ते आम्ही काढून टाकलं, कारण अध्यक्ष कोण यावर अजून एक संध्याकाळ गेली असती.

सोडून गेल्यावर तोच धंदा करायचा नाही, असंही कलम बार्शीकरनं सुचवलं होतं. मॅडमनी खोडलं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ माणसाच्या धंद्यावर असं बंधन मानत नाही. कंपनीत असेपर्यंत ठीक, गेल्यावर ते कलम शोभेला.

दोन विषय अवघड गेले.

पहिला काकांच्या दराचा. सूत कंपनी घेणार, विणाई काकांच्या कारखान्यात होणार. म्हणजे अण्णा एकीकडं आमचा संचालक, दुसरीकडं विणाई करून देणाऱ्याचा मुलगा. कायद्यानं त्यानं आपला संबंध उघड करून सांगायचा असतो, त्यासाठी एमबीपी-१ नावाचा फॉर्म आहे. खासगी कंपनीत एवढं सांगितलं की तो चर्चेत भागही घेऊ शकतो. मी म्हटलं, कायदा काही म्हणो, विणाईच्या दरावर अण्णानं मत द्यायचं नाही, आणि दर सहा महिन्यांनी बाहेरच्या दोन कारखान्यांचे भाव मागवायचे. अण्णाचा चेहरा पडला. "म्हणजे माझा बाप तुम्हाला लुटणार?" असं म्हणाला नाही, पण तेच म्हणत होता. पुन्हा काकाच मदतीला आले. "मी सूत घेताना तीन ठिकाणी विचारतो," एवढंच म्हणाले, आणि पहिला भाव स्वतःच लिहून दिला.

दुसरा विषय बार्शीकरनं काढला, फार आढेवेढे घेत. "म्हणजे, वाईट वाटून घेऊ नको, पण उद्या तुझं लग्न झालं आणि तू मुंबईला गेलीस तर?" माझ्या घरीही हाच प्रश्न चालू होता, फक्त उलट्या बाजूनं. मी म्हटलं, कलम लिहू, पण तुम्हा दोघांनाही लागू असं. मग लिहिलं: कोणत्याही कारणानं जो कुणी सोलापूर सोडेल आणि सलग तीन महिने पूर्णवेळ काम करणार नाही, तो कंपनीतून गेला असं धरलं जाईल. बार्शीकरच्या मते ते कलम माझ्यासाठीच होतं.

पुढचं पटकन सांगते, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. प्रमाणपत्र आलं. पहिली बैठक, तीस दिवसांत ऑडिटर, बँक खात्यात भांडवल भरणं आणि १८० दिवसांच्या आत आयएनसी-२०ए हा फॉर्म, तो भरेपर्यंत धंदा सुरू करता येत नाही. गोव्याला एक टॉवेल पाठवायचा तरी जीएसटी नोंदणी लागते, तीही घेतली. पहिली मोठी ऑर्डर कोकणातल्या होमस्टेंची, बार्शीकरनं दारोदार फिरून आणलेली. काट्याची युक्ती चालली. हॉटेलवाले मात्र उधारीवर माल मागायचे आणि एकानं तर ४५ दिवसांचे चार महिने केले. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, उशिराला चक्रवाढ व्याजही आहे. ते त्याला कळवायचं की गिऱ्हाईक टिकवायचं, यावर आमच्यात जे वाद झाले त्यांना कुठल्याही करारात कलम नव्हतं. शेवटी बार्शीकर त्याच्या दारात जाऊन बसला आणि चेक घेऊन आला.

दीड वर्षानं तोच गेला.

कारण नाट्यमय काही नाही. कंपनी जो पगार देत होती त्यातून हप्ता गेला की त्याला फार थोडं उरायचं. वडिलांची तब्येत बिघडली, पुण्यात एका कंपनीत दुप्पट-तिप्पट पगाराची नोकरी मिळत होती. त्यानं आम्हाला दोघांना एकत्र बोलावून सांगितलं. अण्णा चिडला. सगळी गिऱ्हाइकं त्याच्या तोंडओळखीवर उभी, आणि तो निघाला. "सगळे शेअर ठेवून जा," असं अण्णा रागाच्या भरात बोलून गेला. बार्शीकरचं म्हणणं, निम्मे तरी माझे, गिऱ्हाइकं मीच आणली. दोन-तीन आठवडे आमच्या ग्रुपवर फक्त पार्सलचे नंबर पडत होते.

मग मी कागद काढला. २,६०० शेअर, अठ्ठेचाळीस महिन्यांपैकी अठरा पुरे. ९७५ त्याचे, १,६२५ परत. त्याला वाटत होतं त्यापेक्षा कमी, अण्णाला वाटत होतं त्यापेक्षा बरेच जास्त. दोघांपैकी कुणालाही मला काही पटवावं लागलं नाही. दोघांच्याही सह्या खाली होत्या. त्यातले ८७८ माझ्याकडं आले, ७४७ अण्णाकडं. मॅडमनी आधी कंपनीची वाजवी किंमत काढून घेतली, कारण दर्शनी किमतीला घेतलेल्या शेअरची वाजवी किंमत बरीच जास्त असेल आणि फरक ५० हजारांच्या वर गेला तर घेणाऱ्याला त्यावर आयकर बसतो. आमचा नफा पाहता ती भीती नव्हती. मग एसएच-४ हा हस्तांतरणाचा फॉर्म, आणि संचालकपदाच्या राजीनाम्याचा डीआयआर-१२. हस्तांतरणावर स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्के. १६,२५० रुपयांवर किती झाली ते मोजा: अडीच रुपयेसुद्धा नाही. सात रस्त्यावर कटिंग चहा याहून महाग आहे, असं बार्शीकर म्हणाला, आणि त्या महिन्यात आम्ही तिघं पहिल्यांदा हसलो.

हे सगळं आता का लिहितेय, तर हिशेबातून एक गोष्ट निघाली जी सह्या करताना आमच्यापैकी कुणीच मोजली नव्हती. आज माझे ४८.७८ टक्के आहेत, अण्णाचे ४१.४७, बार्शीकरचे ९.७५. साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि ती एकट्या कुणाकडंच नाहीत. अण्णाला कंपनीच्या नावानं एक जुना रॅपियर लूम, म्हणजे बिनधोट्याचा माग, घेऊन काकांच्या शेडमध्ये बसवायचा आहे. मला वाटतं विणाई बाहेरूनच घ्यावी आणि पैसे गोदामात आणि धुलाईत घालावेत. संचालक दोन, जादा मत कुणालाच नाही. करारात लिहिलंय की असं अडलं तर विषय शेअरधारकांच्या सभेत न्यायचा. म्हणजे हिंजवडीत बसलेला, सव्वीसवरून पावणेदहावर आलेला माणूस ज्याच्या बाजूला जाईल त्याचं खरं.

आम्ही दोघांनी त्याला वेगवेगळे फोन केले, अर्थातच एकमेकांना न सांगता. त्यानं दोघांना एकच उत्तर पाठवलं: लूम कितीला, महिन्याला टॉवेल किती निघतील, विणाईचे किती वाचतील, हे एका पानावर लिहून पाठवा, पान एकच, सही दोघांची. सभेची २१ दिवसांची नोटीस गेली आहे. पान अजून गेलेलं नाही. यंत्रमागांना विजेच्या दरात सवलत आहे, २७ अश्वशक्तीच्या आत वेगळी आणि वर वेगळी, आणि शेडमधलं कनेक्शन काकांच्या फर्मच्या नावावर आहे. लूम कंपनीचा असेल तर दर कुठला धरायचा, यावर अण्णा आणि मी अडलोय.